ॲक्शन कॉमिक्स २५२: सुपरगर्लचा पहिला अंक, आणि प्रत घेताना नेमकं काय बघायचं

मे १९५९ ची तारीख, दहा सेंट किंमत, आणि मुखपृष्ठावर रॉकेटमधून बाहेर झेपावणारी निळ्या पोशाखातली एक शाळकरी मुलगी. तिच्याकडे बघून सुपरमॅनचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. कारा झोर-एल, म्हणजेच सुपरगर्ल, वाचकांसमोर पहिल्यांदा आली ती या अंकातून. सिल्व्हर एज, म्हणजे अमेरिकन कॉमिक्सचा पन्नाशीच्या उत्तरार्धापासून साठच्या दशकाअखेरपर्यंतचा काळ. त्या काळातल्या डीसी या प्रकाशनसंस्थेच्या अंकांमध्ये पहिल्या फळीत धरले जाणारे जे थोडे अंक आहेत, त्यातला हा एक. किंमतही त्याच मानाने आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या अंकाचा जीव शेवटच्या आठ पानांत, म्हणजे सुपरगर्लच्या कथेत आहे. त्यामुळे मुखपृष्ठ चकचकीत पण आतली पानं ठिसूळ किंवा कडा कापलेली, अशा प्रतीपेक्षा मुखपृष्ठाला चुण्या पडलेली पण पानं पूर्ण, लवचिक आणि हात न लावलेली प्रत कधीही चांगली. बाजारात नेमकं उलट होतं. लोक दर्जा ठरवून प्रत ज्या प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेली असते तिच्यावरचा आकडा बघतात आणि आतला कागद कसा आहे हे विचारतही नाहीत.

अंकात काय आहे

संपादक मॉर्ट वायझिंगर यांनी १९५८ पासून सुपरमॅनच्या जगाचा पसारा वाढवायला घेतला होता. ॲडव्हेंचर कॉमिक्स २४७ मध्ये लीजन, म्हणजे भविष्यकाळातल्या शक्तिमान मुलामुलींची टोळी आली, ॲक्शन २४१ मध्ये सुपरमॅनचा बर्फातला किल्ला, २४२ मध्ये ब्रेनियॅक हा खलनायक. लीजन आणि ब्रेनियॅक या दोन्ही कथा लेखक ऑटो बाइंडर आणि चित्रकार ॲल प्लास्टिनो या जोडीच्या, आणि सुपरगर्लही त्यांचीच. बाइंडरना हा प्रकार नवा नव्हता. फॉसेट कंपनीत असताना १९४२ मध्ये कॅप्टन मार्व्हल ॲडव्हेंचर्सच्या १८ व्या अंकात मेरी मार्व्हलची पहिली कथा त्यांनीच लिहिली होती. एका गाजलेल्या नायकाच्या शेजारी त्याच ताकदीची, पण स्वतःचा स्वभाव असलेली मुलगी कशी उभी करायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुपरमॅनच्या १२३ व्या अंकात, ऑगस्ट १९५८ मध्ये, त्यांनी एक चाचणीही घेतली. जिमी ओल्सन जादूच्या वस्तूकडे मागणं मागतो, त्यातून एक सुपर-गर्ल अवतरते आणि कथा संपताना नाहीशी होते. संग्राहक त्या अंकाला 'प्रोटोटाइप' म्हणतात. ती कारा नव्हे, त्यामुळे कोणी तो अंक 'सुपरगर्लचं पहिलं दर्शन' म्हणून विकत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

'द सुपरगर्ल फ्रॉम क्रिप्टॉन' ही कथा जेमतेम आठ पानांची आहे. एवढ्या जागेत बाइंडर बरंच काही बसवतात. सुपरमॅनचा जन्मग्रह क्रिप्टॉन फुटला तेव्हा आर्गो सिटी नावाचा एक तुकडा हवेच्या बुडबुड्यासकट अखंड अवकाशात फेकला गेला. पायाखालची जमीन पुढे क्रिप्टोनाइट बनून विषारी झाली, म्हणून काराच्या वडिलांनी, झोर-एलनी, तिच्यावर शिशाचे पत्रे अंथरून घेतले. कारा जन्मली ती त्या शहरात. काही वर्षांनी उल्कांचा मारा होऊन पत्र्यांना भोकं पडली आणि शहर मरणाच्या दारात आलं. आईवडिलांनी दुर्बिणीतून पृथ्वीवर सुपरमॅनला पाहिलं होतं. आईने त्याच्यासारखाच पोशाख मुलीसाठी शिवला, वडिलांनी रॉकेट तयार केलं. सुपरमॅन तान्हा असताना क्रिप्टॉनवरून निघाला, त्याला काही आठवत नाही. ही मुलगी पंधरा वर्षांची आहे, आपलं गाव मरताना तिने पाहिलं आहे. दोघांमधला हा फरक कथेत मोठ्याने सांगितलेला नाही, पण तो तिथे आहे, आणि पुढची सहा दशकं लेखक त्याच धाग्यावर काम करत आले आहेत.

कथेतला खटकणारा भागही सांगायलाच हवा. सुपरमॅनला जगात रक्ताचं एकमेव माणूस भेटतं, आणि तो तिला मिडव्हेलच्या अनाथाश्रमात नेऊन ठेवतो. कारण, ती सोबत राहिली तर त्याची गुप्त ओळख धोक्यात येईल. तपकिरी वेण्यांचा टोप आणि लिंडा ली हे नाव देऊन तो तिला गुपचूप राहायला सांगतो. आजच्या वाचकाला हे निष्ठुर वाटतं आणि ते तसंच आहे. तरीही कारा रडत बसत नाही. रात्री खिडकीतून बाहेर पडून उडते आणि आश्रमातल्या पोरांना लपूनछपून मदत करायचं ठरवते. पुढच्या मालिकेची सगळी बैठक याच शेवटात आहे. दत्तक आईवडील तिला मिळाले थेट ॲक्शन २७९ मध्ये, १९६१ साली, आणि जगासमोर ती उघडपणे आली २८५ मध्ये, फेब्रुवारी १९६२ ला.

प्लास्टिनोंची चित्रं सरळ आणि स्वच्छ आहेत. त्यांची कारा ठसठशीत, थोडी मोठी वाटणारी. २५३ पासून जिम मूनी आले आणि त्यांनी तिला जास्त हलकं, अल्लड रूप दिलं. सिल्व्हर एजची सुपरगर्ल म्हणून जो चेहरा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो मूनींचा. म्हणजे प्लास्टिनोंनी रंगवलेली पहिली कारा नीट बघायची असेल तर याच अंकाकडे यावं लागतं.

अंकाची सुरुवात होते ती 'द मेनेस ऑफ मेटॅलो' या सुपरमॅनकथेने. लेखक रॉबर्ट बर्नस्टीन, चित्रं प्लास्टिनोंचीच. जॉन कॉर्बेन नावाच्या गुन्हेगार पत्रकाराचा मेंदू धातूच्या शरीरात बसवला जातो. त्याचं हृदय युरेनियमवर चालतं आणि ते संपत राहतं, क्रिप्टोनाइट मिळालं तर मात्र कायमचं चालेल. शेवटी खोटं क्रिप्टोनाइट बसवून तो मरतो. मेटॅलोचंही हे पहिलंच दर्शन, म्हणजे एका अंकात दोन मोठी पदार्पणं. मधल्या पानांत काँगोरिला या गोरिला-नायकाची गोष्ट आहे. ती एकदा वाचून पुढे जायला हरकत नाही.

रचना समजून घ्या, मग प्रत तपासा

अंकात ३२ पानं आणि वर चार पानांचं मुखपृष्ठ. आतली ३२ पानं म्हणजे मधोमध दुमडलेले आठ मोठे कागद, एकात एक घातलेले आणि कण्यावर दोन पिना मारलेले. बाहेरून मोजलं तर मुखपृष्ठ सोडून १६ पत्रं भरायला हवीत. मुखपृष्ठ गुळगुळीत कागदाचं, आतला कागद साधा न्यूजप्रिंट. आकार सुमारे १८ बाय २६ सेंटिमीटर.

या बांधणीत एक गोष्ट दडलेली आहे. पहिलं पत्रं आणि शेवटचं पत्रं हा एकच कागद असतो. मेटॅलोच्या सुरुवातीची पानं आणि सुपरगर्लच्या शेवटाची पानं अशी एकाच कागदावर, बाहेरच्या बाजूला येतात. हवा, ओल, ऊन, हाताचा घाम सगळ्यात आधी बाहेरच्या कागदांना लागतो. पिनेतून सुटायला लागतात तेही बहुतेक तेच. म्हणजे या अंकातली दोन्ही मोलाची दृश्यं सर्वात उघड्या जागी छापलेली आहेत, आणि सुरक्षित मध्यभागी आहे काँगोरिला. प्रत चाळताना बहुतेक लोक मधलं जोडपान आहे ना एवढं बघून थांबतात. इथे आधी शेवटची आठ-दहा पानं बघा, मग मधली.

सुटी, म्हणजे पेटीबंद नसलेली प्रत समोर आली तर हा क्रम ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा, कारण ठिसूळ कागदाचे कण त्यावर पडले की लगेच दिसतात. अंक ९० अंशांपेक्षा जास्त उघडू नका. पत्रं एकेक करून मोजा, सोळा भरली पाहिजेत. जाहिरातींच्या पानांवर कूपन कापलेलं नाही ना ते बघा. कूपनच्या मागच्या बाजूला कथेचं पान असेल तर चौकटीचा तुकडाही गेलेला असतो. त्या काळी मुलं कूपनं कापून पाठवत, त्यामुळे हा दोष अजिबात दुर्मीळ नाही.

नंतर कणा. कण्यावरच्या बारीक आडव्या रेघांनी रंग तुटला आहे का, की नुसता दाब उमटला आहे, हे तिरप्या उजेडात दिसतं. रंग तुटलेली रेघ कायमची. नुसता दाब प्रेसिंगने, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन सपाट केल्याने, निघू शकतो. कणा एका बाजूला सरकला असेल तर तो गुंडाळून वाचल्याने किंवा आडवा रचून ठेवल्याने. मुखपृष्ठावर मधोमध वरपासून खालपर्यंत एकच दुमड असेल तर ती बहुधा टपालाने आलेली वर्गणीदाराची प्रत. तेव्हा अंक उभा दुमडून पाठवला जाई. ती दुमड जात नाही, पण अशा प्रतीचं आतलं अंग बऱ्याचदा चांगलं निघतं आणि किंमत कमी लागते.

पिनांकडे भिंगातून बघा. गंज पिनेपुरताच आहे की कागदात उतरला आहे? कागदात उतरलेला तांबूस डाग कागद खातो, आणि एक दिवस मुखपृष्ठ पिनेपाशीच फाटून सुटतं. प्रत्येक पिनेला दोनच भोकं हवीत. जास्त भोकं दिसली तर पिना बदलल्या आहेत किंवा दुसऱ्या प्रतीची पानं आणून बसवली आहेत. असं 'लग्न लावलेलं' पान ओळखायला पानाच्या कडा, कागदाचा पिवळेपणा आणि छपाईची गडदता शेजारच्या पानाशी ताडून बघा. एकाच अंकातली शेजारशेजारची पानं सारखीच पिवळी पडतात. मधेच एक पान पांढरं असेल तर ते बाहेरचं.

अंकाच्या सुरुवातीला, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत प्रकाशनाची माहिती असते. तिथे अंक क्रमांक २५२, मे १९५९ आणि नॅशनल कॉमिक्स पब्लिकेशन्स हे नाव वाचून घ्या. मुखपृष्ठ एकाचं आणि आतला अंक दुसऱ्याचा असा प्रकार इथे पकडला जातो. विक्रेत्यांना न खपलेल्या अंकांचे पैसे परत मिळवायला मुखपृष्ठ किंवा त्यावरची नावाची पट्टी कापून पाठवावी लागे, म्हणून मुखपृष्ठ नसलेल्या प्रती बाजारात आहेत. त्यांना नंतर छापील नक्कल चिकटवलेली असते. अस्सल मुखपृष्ठावर भिंगातून रंगांचे ठिपके वेगवेगळे, गोल दिसतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत ठिपक्यांवर ठिपके चढून चिखल झालेला दिसतो.

बारकोड दिसला तर प्रत १९५९ ची नाही. कॉमिकवर बारकोड आले ते सत्तरच्या दशकात. डीसीने २००० साली याच अंकाची मिलेनियम आवृत्ती काढली. तिच्यावर तसं नाव छापलेलं आहे, त्यामुळे फसायचं कारण नाही. पण कोपऱ्यावर स्टिकर लावून काढलेला फोटो असेल तर मुखपृष्ठ पूर्ण उघडं करून मागा.

दुरुस्ती केलेली प्रत

या अंकाचा भाव इतका चढला आहे की जुन्या प्रतींना हात लावण्याचा मोह होतोच. सगळ्यात जास्त आढळतं ते रंग भरणं. कण्यावरच्या पांढऱ्या रेघांवर मार्करने निळा किंवा काळा रंग ओढतात. समोरून दिसत नाही, पण मुखपृष्ठ उलटून आतली बाजू बघितली की शाई झिरपलेली सापडते. दहापट भिंगातून छापील भाग ठिपक्यांचा दिसतो आणि भरलेला भाग सपाट. अतिनील दिव्याखाली गोंद, भरलेला रंग आणि धुतलेला कागद वेगळे चमकतात. स्वस्तातला हातदिवा यासाठी पुरतो, खोलीत पूर्ण अंधार मात्र हवा.

कडा कापणं जास्त वाईट, कारण गेलेला कागद परत येत नाही. छापखान्यातून आलेल्या अंकाच्या कडा अगदी धारदार नसतात, कोपरे क्वचितच काटकोनात असतात, आणि साठ वर्षांनी उघडी कड आतल्या भागापेक्षा काळवंडलेली असते. तीनही कडा ताज्या, गोऱ्या आणि सरळ दिसल्या तर मोजपट्टी काढा. रुंदी वरच्या, मधल्या आणि खालच्या टोकाला मोजा आणि त्याच काळातल्या दुसऱ्या ॲक्शन अंकाशी ताडा. एक-दीड मिलिमीटरचा फरक छपाईतलाही असू शकतो, म्हणून नुसत्या मापावर निकाल देऊ नका. कडेचा रंग आणि माप दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच माना.

चिकटपट्टी लावलेली प्रत बघून घाबरायचं कारण नाही. तो दोष म्हणून मोजला जातो आणि भाव खाली येतो, एवढंच. पट्टी घरी ओढून काढू नका. जुन्या पट्टीचा गोंद कागदाच्या धाग्यांत शिरलेला असतो आणि पट्टीबरोबर छपाई निघून येते.

प्रेसिंग ही दुरुस्ती मानली जात नाही. ओलसरपणा, उष्णता आणि दाब देऊन दबलेले खड्डे, तुटलेला रंग नसलेल्या चुण्या सपाट करतात. या अंकाच्या मधल्या दर्जाच्या प्रतींना त्याने फायदा होतो. पण कागद ठिसूळ असेल, पिना गंजलेल्या असतील किंवा मुखपृष्ठ एका पिनेवर लटकत असेल तर प्रेसिंग नको. उष्णतेत ठिसूळ कागद कण्यापाशी तडकतो, आणि जास्त वाफ दिली तर मुखपृष्ठ आकसून आतली पानं कडेला बाहेर डोकावू लागतात.

पेटीबंद प्रत

सीजीसी आणि सीबीसीएस या कंपन्या प्रत तपासून ०.५ ते १० मध्ये दर्जा देतात आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात. २.० म्हणजे गुड, ४.० व्हेरी गुड, ६.० फाइन, ८.० व्हेरी फाइन. सीजीसीचं निळं लेबल म्हणजे नेहमीचा दर्जा, जांभळं म्हणजे दुरुस्ती केलेली, हिरवं म्हणजे एखादा मोठा दोष वेगळा नोंदवून दिलेला दर्जा, पिवळं म्हणजे साक्षीने घेतलेली सही. हिरव्या लेबलवरचा आकडा मोठा असला तरी खालची बारीक ओळ वाचा. तिथे बहुतेक वेळा कापलेलं कूपन किंवा नसलेलं पान लिहिलेलं असतं, आणि कुठलं पान नाही यावर या अंकाची सगळी किंमत ठरते. काँगोरिलाचं पान नसणं आणि सुपरगर्लचं पान नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लेबलवर कागदाचा रंगही दिलेला असतो: पांढरा, ऑफ-व्हाइट ते पांढरा, ऑफ-व्हाइट, क्रीम ते ऑफ-व्हाइट, आणि त्याखाली तपकिरीकडे जाणारे दर्जे. ऑफ-व्हाइट कागदाची ३.० प्रत आणि तपकिरी, ठिसूळ कागदाची ४.५ प्रत समोर असेल तर ३.० घ्यावी. न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन आणि आम्ल असतं. हवा, उजेड आणि उष्णता मिळत राहिली की कागद स्वतःलाच खातो. मुखपृष्ठावरची चुणी आहे तेवढीच राहील, ठिसूळपणा मात्र दरवर्षी वाढतो.

पेटी आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. चांगल्या दर्जाच्या पेटीत हलकी प्रत बदलून घालण्याचा प्रकार २०२३ च्या अखेरीस उघडकीस आला. म्हणून लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तिथे फोटो असेल तर मुखपृष्ठावरचा प्रत्येक डाग आणि विक्रेत्याने पेन्सिलीने लिहिलेली तारीख जुळवा. फोटो नसेल तर हेरिटेजसारख्या लिलावघरांच्या जुन्या नोंदींत तोच क्रमांक शोधा. पेटीच्या कडा खरवडलेल्या, पांढुरक्या दिसल्या तर घेऊ नका.

भावाचं म्हणाल तर २.० च्या आसपासची पूर्ण प्रतही हजार डॉलरच्या वर जाते आणि ८.० च्या पुढे पाच आकडी रक्कम लागते. अंक लाखांनी छापला गेला होता, पण मुलांनी तो वाचला, दुमडला, अदलाबदल केला. त्यामुळे कमी दर्जाच्या प्रती नेहमी मिळतात आणि वरच्या दर्जाच्या फारच क्वचित. सुपरगर्लची मालिका किंवा सिनेमा येणार अशी बातमी आली की मागणी वाढते आणि गाजावाजा ओसरला की भाव सैल होतात, तेव्हा घाई कशाची? मागच्या वर्षभरात त्याच दर्जाच्या निदान पाच-सहा प्रती कितीला गेल्या ते बघून मगच बोली लावा. विक्रेत्याने मागितलेली किंमत हा भाव नव्हे, प्रत्यक्ष विकली गेली तो भाव. माझ्या हिशेबाने वाचक-संग्राहकाला २.५ ते ४.० हा टप्पा सर्वात योग्य: निळं लेबल, ऑफ-व्हाइट किंवा त्याहून बरा कागद, मुखपृष्ठ दोन्ही पिनांवर घट्ट.

आपल्या हवेत सांभाळताना

अमेरिकेतून मागवताना पाठवणीच्या कागदांवर खरी किंमत लिहायला सांगा. कस्टममध्ये पैसे वाचावेत म्हणून कमी लिहिली तर पार्सल हरवल्यावर विमाही तेवढाच मिळतो. ड्युटी किती बसेल ते कुरिअरला आधीच विचारा. पेटी फोमच्या दोन थरांत आणि बाहेर कडक खोक्यात हवी. पेटीला हादरे बसले की आतला अंक सरकून कोपऱ्यात आपटतो, आणि मुखपृष्ठाची कड आतल्या आतच फाटते. पेटी शाबूत, अंक फाटलेला, असं होऊ शकतं. म्हणून पार्सल आल्याबरोबर, उघडतानाचा व्हिडिओ घेऊन, कोपरे तपासा.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने हा खरा शत्रू. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि पिना गंजतात. ३० च्या खाली गेली तर कागद कडक होतो. ४० ते ५० टक्के हे लक्ष्य ठेवा आणि खोक्यात एक छोटा आर्द्रतामापक टाका. झाकणाला रबरी कड असलेला प्लॅस्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर दोन तास तापवून, पूर्ण थंड करून परत ठेवा. गरम पुडी डब्यात टाकू नका. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याची कोरडी उष्णता जास्त त्रास देते. तिथे पत्र्याचं कपाट आणि गच्चीखालची खोली टाळा.

सुट्या प्रतीसाठी पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची पिशवी घ्या. जाडी दोन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चालते, चार मिल असेल तर अंक ताठ राहतो. पाठीला आम्लरहित, कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला पुठ्ठा. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या स्वस्त पडतात, पण काही वर्षांनी त्या पिवळ्या, लाटदार होतात आणि बदलाव्या लागतात. पीव्हीसीची फाइल अजिबात नको, तिच्यातलं तेलकट द्रव्य छपाई चिकटवून ठेवतं. डांबरगोळ्या कागदाजवळ नकोत, वास कागदात मुरतो. कडुलिंबाचा पाला पानांत ठेवायची घरगुती सवय इथे सोडून द्या, पाल्याचा ओला डाग जात नाही. कसर आणि वाळवी टाळायची तर डबा भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर आणि दर दोन महिन्यांनी उघडून बघणं, एवढं पुरतं. हेच सगळं घरातल्या जुन्या इंद्रजाल कॉमिक्सनाही लागू आहे. तोही तसाच लवकर पिवळा पडणारा कागद.

पेटी भिंतीवर लावायची असेल तर खिडकीसमोर नको. लाल आणि पिवळा रंग आधी उडतात, आणि काराचा पाठीवरचा केप, बूट आणि छातीवरचं चिन्ह याच दोन रंगांत आहेत.

कथा वाचायची तेवढीच इच्छा असेल तर मिलेनियम आवृत्ती घ्या. तिच्यात पूर्ण अंक वाचायला मिळतो. मूळ कागद हातात हवा पण एवढा खर्च नको असेल तर ॲक्शन २५३ कडे बघा: काराचं दुसरं दर्शन, मूनींनी रंगवलेलं पहिलं, आणि २५२ च्या मानाने भाव कितीतरी कमी. २५३ नंतरचे १९५९-६० चे अंकही आहेत. सुपरगर्ल ॲक्शनच्या मागच्या पानांत १९६९ च्या ३७६ व्या अंकापर्यंत होती आणि मग ॲडव्हेंचर कॉमिक्सच्या ३८१ पासून तिकडे गेली. दहा सेंट किंमतीचे अंक १९६१ च्या अखेरपर्यंतच मिळतात, पुढे बारा सेंट झाले. या काळातल्या अंकांमध्ये फेब्रुवारी १९६० चा २६१ वेगळा धरा. स्ट्रीकी ही तिची मांजर त्यात पहिल्यांदा येते, आणि त्याचे पैसे विक्रेते जास्त लावतात.